सुईत दोरा ओवता आला पाहिजे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी माझ्या अम्मीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन ठरलं आणि घरात वाद सुरू झाला, तो भिंगावरून. भाचा पुण्यात नोकरीला. त्याचा फोन आला, "मामू, घडीचं भिंग टाका, मशीनवर करून घ्या, पैशाकडे पाहू नका." धाकटा भाऊ म्हणाला, "शिबिरात साधं भिंग फुकट बसवतात, हजारो म्हाताऱ्यांना दिसतंय की त्यानं." डॉक्टर म्हणाले, "दोन्ही चांगली. तुम्ही ठरवा." आता मी पडलो बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मी काय ठरवणार? शेवटी अम्मीलाच विचारलं. ती म्हणाली, "बेटा, मुझे तो सुई में धागा डालना है. बाकी तुम देखो."

त्या एका वाक्यानं माझी वाट मोकळी केली. भिंग कोणतं भारी, हा प्रश्नच नव्हता. त्या भिंगानं अम्मीला सुईत दोरा ओवता येईल का, आणि त्यासाठी घरातून किती पैसे जातील, हा प्रश्न होता. आम्ही साधं भिंग बसवलं. जवळचं पाहायचा चष्मा लागला, पण चार महिन्यांनी ती गोधडीला टाके घालत बसलेली दिसली.

आमच्या घरानं हा निर्णय एकदा घेतला. सरकारला तो लाखो वेळा घ्यावा लागतो. एका डोळ्यामागे हजार रुपये जास्त गेले तर लाखभर ऑपरेशनांत दहा कोटी होतात. हे दहा कोटी आभाळातून पडत नाहीत. कुठल्या तरी बाळाच्या लसीतून, कुठल्या तरी बाळंतिणीच्या औषधातून ते निघतात. ज्याचं निघालं त्याला कळतही नाही की आपलं काही गेलं. म्हणून हे ठरवण्याचं एक शास्त्र तयार झालं आहे. त्याला आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन म्हणतात. नाव जड आहे, पण आत आमच्या अम्मीचाच प्रश्न आहे.

इथं तंत्रज्ञान म्हणजे फक्त मोठं मशीन नव्हे. औषध, लस, रक्ताची तपासणी, ऑपरेशनची पद्धत, सिरिंज, एवढंच काय, आशाताईनं घरोघर जाण्याची योजनासुद्धा त्यात येते. या प्रत्येकाला चार प्रश्न विचारायचे. याचा गुण येतो का? कुणाला येतो? सगळा धरून खर्च किती? आणि हे घेतलं तर काय सोडावं लागेल? यातल्या तिसऱ्या प्रश्नात आपली नेहमी फसगत होते. मशीनची किंमत म्हणजे खर्च नव्हे. ते चालवणारा माणूस, वीज, त्यात लागणारी रसायनं, बिघडल्यावर येणारा मेकॅनिक, आणि तपासणीला येणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी, हा सगळा खर्च. एका दवाखान्यात मी असंच एक मशीन पाहिलं होतं. त्याच्यावर कापडी खोळ होती आणि खोळीवर धूळ. बाजूच्या बाकावर बसलेली एक बाई म्हणाली, "मशीन हाये भाऊ, चालोनारा नाही." इतक्या थोडक्यात मूल्यमापनाचा अहवाल मी दुसरा वाचलेला नाही.

ब्रिटननं या कामासाठी 1999 साली 'नाइस' नावाची संस्था काढली. थायलंडनं 2007 साली 'हायटॅप' काढली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागानं 2017 च्या सुमारास 'हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट इन इंडिया' ही व्यवस्था उभी केली. दिल्लीत छोटं सचिवालय आणि अभ्यास करणारी केंद्रं निरनिराळ्या राज्यांत, अशी तिची रचना आहे. चंदीगडची पीजीआय आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था ही त्यातली ठळक नावं. महाराष्ट्रात हे काम मुंबईच्या परळमधल्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेकडे आलं.

सुरुवातीच्या अभ्यासांत एक चक्क मोतीबिंदूच्या भिंगावर होता! निष्कर्ष असा निघाला की, लहान छेद घेऊन हातानं केलेलं ऑपरेशन आणि न दुमडणारं साधं भिंग ही जोडी आपल्या देशात खर्चाच्या मानानं सर्वांत फायद्याची. अम्मीला हे मी मुद्दाम सांगितलं. ती म्हणाली, "दिल्लीवालों को इतना टाइम लगा?"

पण हे शास्त्र म्हणजे स्वस्ताची भलामण नव्हे. एकदा वापरल्यावर पुन्हा वापरताच येणार नाही अशा सिरिंजचा अभ्यास चंदीगडच्या चमूनं केला. ही सिरिंज साध्या सिरिंजपेक्षा महाग. तरी ती घेणंच शहाणपणाचं ठरलं, कारण एकच सुई दोघांना टोचल्यानं होणारी कावीळ आणि एचआयव्ही यांचा पुढचा खर्च आणि पुढची दुःखं त्यातून टळतात.

परळच्या संस्थेचा एक अभ्यास बाळंतिणीच्या रक्तस्रावावर आहे. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळलं नाही तर बाई तास-दोन तासांत हातची जाते. अशा वेळी गर्भाशयात फुगा सोडून तो पाण्यानं फुगवतात आणि दाबानं रक्त थांबवतात. आपल्याकडचे डॉक्टर नळीला कंडोम बांधून हा फुगा हातानं तयार करतात. तयार फुगा मध्यम किमतीत मिळतो, परदेशी फुगा बराच महाग असतो. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मधल्या किमतीचा तयार फुगा परवडण्यासारखा ठरला, महागडा ठरला नाही. आणि त्याच लेखकांनी पुढं असंही लिहिलं की, देशभर लागू करण्याआधी त्याच्या गुणाचा अधिक भक्कम पुरावा हवा. आपल्याच निष्कर्षाची मर्यादा आपणच सांगायची, ही सवय मला या मंडळींत आवडली. आम्हा कवींत ती कमी.

आता तुम्ही विचाराल की, डोळ्याचं ऑपरेशन, सिरिंज आणि बाळंतपण यांची तुलना करायची कशी? कापूस आणि तूर एकाच तराजूत मोजता येतात, पण दुखणं कसं मोजणार? त्यासाठी एक माप केलं आहे. पूर्ण निरोगी अवस्थेतलं एक वर्ष म्हणजे एक, मृत्यू म्हणजे शून्य. गुडघ्यानं जायबंदी झालेल्या माणसाचं वर्ष समजा 0.6. असा माणूस दहा वर्षं जगला तर ती सहा निरोगी वर्षांइतकी झाली. उपचारानं त्याचं वर्ष 0.9 झालं तर नऊ. म्हणजे तीन वर्षांची भर पडली. उपचाराला तीस हजार लागले असतील तर निरोगी वर्षामागे दहा हजार. मग हा आकडा दुसऱ्या उपचाराच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

हा 0.6 आणला कुठून? पाच गोष्टी विचारतात. चालता येतं का, स्वतःचं आवरता येतं का, रोजची कामं होतात का, दुखतं-खुपतं का, मन चिंतेत किंवा उदास आहे का. प्रत्येकाला पाच पायऱ्या. मग सामान्य माणसांना पेचात टाकणारे प्रश्न विचारतात की, दहा वर्षं अंथरुणाला खिळून जगाल की त्याऐवजी सहाच वर्षं, पण धडधाकट? त्यांच्या उत्तरांतून आकडे निघतात. अनेक वर्षं आपण यासाठी परदेशी माणसांची उत्तरं उसनी घेत होतो. 2022 साली चंदीगडच्या संशोधकांनी निरनिराळ्या राज्यांतल्या 3548 भारतीयांना विचारून आपले आकडे प्रसिद्ध केले.

इथं माझ्यातला कवी जागा होतो. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, उसण वेगळी. अंगात कणकण आहे म्हणणारी बाई आणि जीव कसनुसा होते म्हणणारी बाई एकच गोष्ट सांगत नाही. "तुम्ही उदास आहात का?" असं विचारलं तर आमच्याकडचा शेतकरी नाही म्हणेल. "करमते का?" म्हटलं की तो बोलायला लागेल. प्रश्न विचारणाऱ्याला ही भाषा आली नाही तर आकडा चुकणार, आकडा चुकला तर निर्णय चुकणार. म्हणून मी म्हणतो की, हे काम करणारी माणसं आपल्या भागातली पाहिजेत.

भाषेचं सोडा, नुसत्या हिशोबासाठीही ती पाहिजेत. एक उदाहरण देतो. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि हाडं कुटल्यासारखं दुखतं. आई आणि बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांच्या तपासणीचं तिचं उद्दिष्ट. तपासायचं ते कोणत्या चाचणीनं?

जुनी चाचणी द्रावणाची. ती स्वस्त आहे. रक्तात दोष आहे एवढं ती सांगते, पण माणूस आजारी आहे की नुसता वाहक, हे सांगत नाही. त्यासाठी पुन्हा रक्त मोठ्या प्रयोगशाळेत जातं. नवी चाचणी पट्टीची. बोटाचं थेंबभर रक्त घेतलं की थोड्या वेळात जागेवरच निरोगी, वाहक, आजारी हे वेगळं दिसतं. ती महाग, पण देशी किट आल्यावर किंमत बरीच उतरली.

आता हिशोब करू. आकडे समजण्यापुरते माझे आहेत. द्रावणाची चाचणी दहा रुपये, पट्टी पन्नास रुपये धरा. एका भागात हजार लोक तपासले. दीडशेंत दोष निघाला, त्यातले दहा आजारी. डोंगरातल्या कोलाम पोडावरून माणसाला दुसऱ्या तपासणीसाठी यवतमाळला न्यायचं तर गाडीभाडं, मजुरी, तपासणी मिळून चारशे रुपये धरू. द्रावणाच्या चाचणीला दहा हजार, अधिक दीडशे माणसांचे साठ हजार, एकूण सत्तर हजार. पट्टीला पन्नास हजार, अधिक फक्त दहा आजाऱ्यांची खात्री करायला चार हजार, एकूण चोपन्न हजार. पोडावर महाग पट्टी स्वस्त पडली. शिवाय दीडशेंतले कितीतरी लोक दुसऱ्यांदा येणारच नाहीत, ती गोष्ट वेगळीच.

तोच हिशोब आर्णी गावात करा. इथून रक्ताचे नमुने एकाच खेपेत गाडीनं जातात असं धरा, दुसऱ्या तपासणीचा खर्च माणशी पन्नास रुपये. द्रावणाला दहा हजार अधिक साडेसात हजार, एकूण साडेसतरा हजार. पट्टीला पन्नास हजार अधिक पाचशे. इथं द्रावणाची चाचणी निम्म्याहून स्वस्त. चाचण्या त्याच, तालुका तोच, उत्तर उलटं! दिल्लीत किंवा परळला बसलेल्या विद्वानाला हा फरक दिसावा कसा? पोडाची वाट पावसाळ्यात किती दिवस बंद असते, हे त्याला कोण सांगणार? ज्याला वाट ठाऊक आहे आणि हिशोबही येतो, असा माणूस लागेल. आज वाट ठाऊक असणारे पुष्कळ आहेत, हिशोब येणारेही मोठ्या शहरांत थोडे आहेत. दोन्ही एका माणसात नाहीत, ही खरी अडचण.

आपल्या विदर्भात हे कधी झालंच नाही असंही नाही. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी या शास्त्राचं नाव इकडे कुणी ऐकण्याआधीच ते केलं. दाईला शंभरापर्यंत मोजता येत नसे, म्हणून त्यांनी श्वास मोजायचं एक साधन केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला की बाळाला न्यूमोनिया समजायचा. पुढं 39 गावांतल्या स्त्रियांना शिकवून त्यांनी नवजात बाळांची घरातच काळजी घेतली आणि शेजारच्या 47 गावांशी ताडून पाहिलं. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात बाळमृत्यूंत मोठी घट दिसली. एका बाळामागे सुमारे पाच डॉलर खर्च, हेही त्यांनी मांडून दाखवलं. खर्चाचा तो आकडा महत्त्वाचा. चांगलं काम पुष्कळ लोक करतात. किती पैशांत किती जीव वाचले, हे थोडेच सांगतात. 2011 पासून आशाताईंमार्फत ही पद्धत देशभर नेण्यात आली.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. 2017 च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो आजारी पडले. आर्णी तालुक्यातलीही माणसं त्यात होती. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याला लागली होती, फवारा वर मारावा लागे आणि तो अंगावरच येई. नंतर संरक्षणाची किटं वाटली गेली. मुखवटा, चष्मा, हातमोजे, अंगरखा. कागदावर उत्तम. पण सप्टेंबरच्या उकाड्यात, घामानं चष्म्यावर वाफ धरलेली असताना, रोजानं फवारणारा माणूस ते किती वेळ घालतो? शंभरांतल्या ऐंशींनी काढून बांधावर ठेवलं तर त्याचा गुण वीस टक्केच धरला पाहिजे. हे प्रयोगशाळेत कळत नाही, बांधावर बसून मोजावं लागतं.

तसंच रक्तातल्या कोलिनेस्टेरेज नावाच्या घटकाचं. काही कीटकनाशकं शरीरात गेली की तो खाली येतो, म्हणून त्याची तपासणी उपयोगी. पण प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी असते. हंगामाआधी एकदा मोजून ठेवलं तरच घट नीट कळते. मग ही सोय तालुक्याला करावी की जिल्ह्याला? चाळीसेक किलोमीटर दूरच्या यवतमाळला रुग्ण पोचेपर्यंत काय होतं? हंगाम सोडून उरलेले महिने ती रसायनं पडून खराब होतील का? की तेच पैसे वेळेवर ॲट्रोपिन मिळण्यावर आणि रुग्णवाहिकेवर घालावेत? हे प्रश्न संकट येण्याआधी थंड डोक्यानं सोडवायचे असतात. तिरडी उचलल्यावर जे खरेदी होतं ते लोकांचा राग शांत करण्यासाठी असतं.

या सगळ्यावर एक आक्षेप मी स्वतःच घेत आलो आहे. माणसाच्या जिवाला आकडा लावायचा? पोडावरच्या कोलामापर्यंत पोचायला जास्त खर्च येतो, म्हणून हिशोब त्याला यादीतून खोडणार का? भीती खरी आहे. नुसत्या सरासरीवर चाललं तर दूरचा, थोडा आणि गरीब माणूस नेहमी महागच दिसेल. म्हणून चांगल्या मूल्यमापनात खर्चाच्या आकड्याशेजारी दुसरा रकाना असावा लागतो. याचा लाभ कुणाला मिळतो, कोण सुटतो? सिकलसेलची तपासणी करताना वाहक मुलीचं नाव गावात फुटलं आणि तिचं लग्न मोडलं, तर तोही खर्चच, तो तिनं एकटीनं सोसलेला. पण आकडा नको म्हणून निर्णय थांबत नाही, हेही मला उमगलं आहे. आकडा नसला तरी कुणी तरी ठरवतोच. ज्याचा विक्रेता गोड बोलतो, ज्याचा पुढारी जोरात बोलतो, त्याच्याकडे मशीन जातं. निदान आकडा मांडला तर त्यावर भांडता तरी येतं.

मग करायचं काय? नवी इमारत नको. नागपूरला 2018 साली सुरू झालेलं एम्स आहे, यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेवाग्रामला 1969 पासूनची महात्मा गांधी वैद्यकीय संस्था आहे, चंद्रपूरला सिकलसेलसारख्या रक्तदोषांवर आयसीएमआरचं केंद्र आहे, अमरावतीला विद्यापीठ आहे. तिथं रोगप्रतिबंधक वैद्यकशास्त्र शिकवणारे डॉक्टर आहेत, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकलेली पोरं आहेत. या दोघांना एका टेबलाशी बसवा. त्यांच्यात एक परिचारिका आणि एक आशाताई बसवा. वर्षाला आपल्या विभागाचे दोनच प्रश्न घ्या, पण तडीस न्या. दवाखान्यांनी खर्चाची वही नीट ठेवावी, कारण वहीशिवाय हिशोब होत नाही. उत्तर मराठीत छापावं. आणि ज्या कंपनीचा माल, तिच्या पैशानं अभ्यास करू नये. अशी दहा-बारा माणसं दहा वर्षांत तयार झाली तरी विदर्भाला पुरतील. ती आभाळातून येणार नाहीत, काम करता करताच घडतील.

तोवर तुमच्या-माझ्या हाती एक गोष्ट आहे. आपल्या गावात एखाद्या नव्या मशीनची फीत कापली जाईल, तेव्हा टाळ्या वाजवाव्यात आणि मग तीन गोष्टी विचाराव्यात. हे चालवणार कोण? याच्या पैशात काय राहून गेलं? आणि पोडावरच्या माणसापर्यंत हे पोचणार कसं? उत्तर लगेच मिळणार नाही. पण विचारणारा आहे, हे कळलं की देणारा वही उघडतो.